चहाच्या डब्यातली दारू

अकरा नोव्हेंबर. पेज पिऊन झाली, भांडी घासून झाली, आता पडवीत गोणपाट अंथरून बंदूक पुसायला बसले आहे. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. जमा करताना ती धुऊनपुसून द्यावी हा आमच्या घरचा शिरस्ता. दुसरं कुणी तसं करत नाही आणि हवालदाराला त्याचं कौतुकही नाही. एकनळी आहे, ठासणीची. काडतूस वगैरे काही नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून काथ्याचा बोळा घालायचा, लोखंडी गजाने ठासायचं, मागच्या बोंडीवर तांब्याची टिकलीएवढी केप बसवायची आणि घोडा ओढायचा. साफ करायला गरम पाण्याइतकं चांगलं काही नाही. नळीत ओतलेलं पाणी आधी शाईसारखं काळं बाहेर येतं, मग राखेच्या रंगाचं, मग तांदळाच्या धुवणासारखं, आणि स्वच्छ यायला लागलं की थांबायचं. त्या पहिल्या काळ्या पाण्याला उकडलेल्या अंड्याचा वास येतो. तो वास आला की तात्या आठवतात, आणि तात्या आठवले की हात उजव्या गालावर जातो. तिथे खसखशीएवढे निळसर ठिपके आहेत, सात. लोक त्यांना गोंदण समजतात. मी समजू देते.

आमची वाडी बोर्ली पंचतनहून श्रीवर्धनकडे जाताना लागणाऱ्या एका लहान गावात. समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. वारा पडला की दुपारीसुद्धा कुणीतरी लांब सूप पाखडत बसलंय असा आवाज येत राहतो. वडील मुंबईला कंपनीत होते, गणपतीला आणि शिमग्याला यायचे. घरात आम्ही तिघं. मी, आई आणि तात्या. तात्या म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांनी लग्न केलं नव्हतं, वाडी राखली होती. शिंपणं, सुपारी उतरवणं, वाळवणं, सोलणं, सगळं त्यांच्या हुकमाने चालायचं. आई त्यांच्याशी थेट बोलत नसे. थोरल्या दिराशी बाईने समोरासमोर बोलायचं नाही, अशी तिच्या माहेरची रीत, आणि सासरीही कुणी ती मोडायला सांगितली नाही. त्यामुळे तात्यांना सांगायचं ते ती मला सांगायची, मी नसले तर मांजराला, आणि मांजर नसलं तर चुलीला. "भाकरी निवतेय म्हणावं." "मीठ संपलंय म्हणावं." पाठमोरी बसून, पदर पुढे ओढून, ती हे चुलीच्या तोंडात बोलायची आणि पडवीतल्या बाकावरून तात्या "व्हय" म्हणायचे. सतरा वर्षं मी हे ऐकलं. दोघांत कधी भांडण झालं नाही. चूल मध्ये असली की भांडता येत नाही.

सकाळी त्या घरात जाग यायची ती विहिरीवरच्या पंपाच्या धापांनी. मग पाटाचं पाणी. पाटात पाणी सोडलं की ते एकदम धावत नाही. पालापाचोळा पुढे ढकलत, वाळल्या मातीत फुसफुसत, एकेका आळ्याशी थांबत येतं. मी अंथरुणात डोळे मिटून ते कुठवर आलं ते ओळखायची. आता जायफळीशी. आता केळींशी. आता मिरवेल चढवलेल्या त्या जाड पोफळीशी. उठेपर्यंत चुलीवर कुळथाची पिठी खदखदत असायची आणि भाजलेल्या सुकटीचा वास घरभर झालेला असायचा. वाडीत तेव्हा ऊन शिरलेलं नसे. पोफळींची खोडं सरळ वर गेलेली, वर झावळ्यांचं छत, खाली हिरवट अंधार. आत गेलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागायचं.

आणि तिथे वांदर यायचे. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे. कोवळे नारळ, केळफूल, सुपारीचे हिरवे घोस. खायचे थोडं आणि नासायचे फार. त्यांना मारायचं नाही, मारुतीचं जनावर. म्हणून छर्रे न घालता नुसता दारूचा रिकामा बार काढायचा. ते काम तात्यांचं, आणि गावात त्यांचा मान त्या कामावर होता. शेजारच्या वाड्यांतले लोक म्हणायचे, तात्यांचा बार झाला की आमच्याकडचे वांदरसुद्धा पळतात.

खरी गोष्ट अशी होती की, माझ्या पंधराव्या वर्षापासून तो बार मी काढत होते. तात्यांचे डोळे आधी धुरकटले, मग गेले. उजेड आणि काळोख कळायचा, माणूस उभं आहे एवढं कळायचं, कोण ते नाही. मुंबईला नेऊन दाखवलं होतं; डॉक्टरने वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, आणि वडिलांनी ते घरी येऊन कुणालाच सांगितलं नाही. घरात आम्हाला तिघांनाही माहीत होतं आणि तिघंही तसं दाखवत नव्हतो. कारण साधं होतं. आंधळ्या माणसाकडे बंदूक ठेवत नाहीत. मी सतरा वर्षांची झाले त्या वर्षीच्या माघात परवान्याची मुदत संपत होती. तालुक्याला साहेबासमोर जातीने उभं राहायचं होतं. परवाना गेला असता तर वाडी वांदरांची झाली असती आणि तात्या भावाच्या घरात बसून खाणारा म्हातारा. दारापासून टेबलापर्यंत कुणाचा हात न धरता चालता यावं म्हणून ते खळ्यात पावलं मोजत फिरायचे. बारा पुढे, डावीकडे वळून चार. बघणाऱ्याला वाटे, शतपावली चाललीय.

वाडीत आम्ही जोडीने जायचो. ते पुढे, एकेका पोफळीला हात लावत, मी मागे बंदूक घेऊन. ते कानाने बघायचे. पक्षी गप्प झाले की थांबायचे. "जायफळीच्या वर. तीन हायत. एक लेकुरवाळी, तिच्याकडं नळी करू नको, आभाळाकडं कर." मला काहीच दिसलेलं नसायचं, आणि मग झावळी हलायची, नेमकी तिथेच. दारू भरायलाही त्यांनीच शिकवलं. बांबूच्या पेराचं एक माप होतं. एका बाराला एक माप, सपाट. डबा उघडला की आधी चिमूट घेऊन दोन बोटांत चोळायची. "दारू डोळ्यांनी न्हाय बघायची, बायो. बोटांनी बघायची. कशी लागते?" मोहरीसारखी बारीक, निसटती लागली तर चांगली. कण्यांसारखी जाड लागली, बोटाला चिकटली, तर हलकी.

मी घोडा ओढला की आधी काही होत नाहीसं वाटायचं. मग खांद्याला कुणीतरी लोटायचं, आणि नळीच्या तोंडातून पांढरा धूर उलगडायचा. काडतुसाच्या बंदुकीचा धूर बघितलेल्यांना हा कळायचा नाही. हा दाट असतो, गाईच्या दुधाच्या फेसासारखा, आणि त्याला कुठे जायची घाई नसते. पोफळींच्या मधून तो कमरेच्या उंचीने सरकत राहायचा, आणि वरून पडलेल्या उन्हाच्या काठ्या त्यात दिसायला लागायच्या. खोडांचे बुंधे नाहीसे व्हायचे. सगळी वाडी पाण्यावर तरंगल्यासारखी. कानात दडे बसलेले, म्हणून झावळ्या हलताना दिसायच्या पण आवाज यायचा नाही. तात्या त्या धुरात तोंड वर करून उभे असायचे. मला तेव्हा वाटायचं, त्यांना नेहमी असंच दिसत असेल, आणि आता एवढ्यापुरतं मलाही त्यांच्यासारखंच दिसतंय. पाच मिनिटांनी धूर विहिरीकडे निघून जायचा आणि आम्ही न्याहारीला परत फिरायचो.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर दारू मिळेना. परवान्यावर ठरावीक दारू मिळते, ती संपली होती आणि माणगावच्या दुकानात माल आलेला नव्हता. विहिरी खोदणाऱ्या एकाने तात्यांना सुरुंगाच्या कामातली थोडी दारू दिली. जाड, कण्यांसारखी, वर दमट. एका मापाने नुसता फुस्स आवाज आला. वांदराने वाकून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा खायला लागला. दोन मापांनीही तो हलेना. तिसऱ्या मापाला बार झाला, तोही चिखलात नारळ पडावा तसा. मग तेच चालू झालं. बार तीन मापांचा. धूर दुप्पट, घाण चौपट. नळी धुता धुता हात कोपरापर्यंत काळे व्हायचे. ती दारू तशी वापरायची नसते हे तात्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. पण दिवसामागून दिवस काही झालं नाही, आणि काही झालं नाही की माणूस ठाऊक असलेलं विसरतं. आज मी कुणाला असलं काही करताना पाहिलं तर हातातून डबा हिसकावून घेईन.

डबा चहाचा होता, पत्र्याचा, घट्ट झाकणाचा. त्या दिवशी तो फळीवरून काढला तेव्हा सकाळचे नऊ असतील. केळींकडून झावळ्यांचा धाडधाड आवाज येत होता. दहाबाराचा कळप एकदम उतरला होता. तात्या वाडीतूनच हाका मारत होते. मी डबा उघडला. चिमूट घेतली नाही. एक, दोन, तीन मापं ओतली, बोळा घातला, ठासलं आणि धावत सुटले. केप बसवली, नळी आभाळाकडे केली. तात्या माझ्या डाव्या हाताला चार पावलांवर होते.

आवाज आठवत नाही. एक पांढरा उजेड आठवतो, आणि मग सगळं फार सावकाश. मी बसले होते, पण बसल्याचं आठवत नाही. वरून सुपाऱ्या पडत होत्या, एकेक, पाटाच्या पाण्यात, गोल गोल वर्तुळं उठत होती. धूर नेहमीसारखाच आला आणि माझ्यावरून गेला. केप बसते ती लोखंडी बोंडी झिजलेल्या आट्यांतून उडून माझ्या कानाजवळून गेली होती आणि मागच्या पोफळीत रुतली होती. तिच्या जागी पडलेल्या भोकातून आलेली आग माझ्या गालावर. मला नुसतं गरम लागत होतं, तव्याजवळ बसल्यासारखं. तात्या गुडघ्यांवर, जमिनीवर हात फिरवत माझ्याकडे येत होते. त्यांचं तोंड हलत होतं. माझ्या पायाला हात लागला तेव्हा ते थांबले. मग पाय, गुडघा, हात, बोटं मोजली. दहा भरली. तोंडाला हात लावला नाही. मी "बरी आहे" म्हटलं असणार.

असा बार गावाने ऐकला नव्हता. आईने मला चुलीपाशी बसवून पाणी तापत ठेवलं होतं, "हात लावू नको, चोळू नको" एवढंच म्हणत होती, तोवर पोलीस पाटील सायकलवरून दारात. हे पाटील तात्यांच्या बरोबरीचे, लहानपणी एकाच विहिरीत पोहलेले. पण खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत कागद.

"काय तात्या, लढाई लागली काय?"

"बोंडी उडाली. जुनी बंदूक, जुना धनी," तात्या बाकावर नीट बसत म्हणाले. "कुणाला काय लागलं न्हाय."

"बार कुणी काढला?"

"मी काढला. मी न्हाय तर कोण काढणार?"

"आणि पोरगी?"

"शैला? ती चुलीपाशी व्हती. सकाळपासनं. वाडीत पाऊल न्हाय तिचं. इचारा तिलाच, बघा ती बसलीय."

पाटलांनी माझ्याकडे बघितलं. ते बघतच राहिले. मग आईकडे बघितलं, मग पुन्हा तात्यांकडे. तात्या माझ्या दिशेने तोंड करून हसत होते, खात्रीने, साक्षीदार समोर बसवलेल्या माणसासारखे. मला कळेना, पाटील काही बोलत का नाहीत. मग पाण्याच्या तांब्यात माझं तोंड दिसलं. उजवी बाजू कानापासून नाकापर्यंत काळी होती. वांदराची असते तशी.

मी बोलायला हवं होतं. पण खरं सांगावं तर परवाना जातो, खोटं सांगावं तर या तोंडाने कसं सांगावं. आईने चुलीत उगीच एक लाकूड सारलं.

पाटलांनी पेनाचं टोपण काढलं होतं, ते परत लावलं. "बरं," ते म्हणाले. "उद्या सकाळी येतो. कागद कोराच ठेवतो तवर. तुमी नीट आठवून ठेवा, तात्या, काय झालं ते."

"आठवायचंय काय त्यात? सांगितलं ना."

"तरीपण." आणि ते गेले.

तात्यांच्या कपाळावर आठी आली होती. न दिसणाऱ्या माणसाला गप्प बसणं ऐकू येतं. "तो एवढा गप का झाला?" त्यांनी विचारलं, कुणालाच नाही. मी तोंड उघडलं, पण आईच बोलली. उठून उभी राहिली, बाकासमोर आली. पदर सरकला होता, तो तिने सावरला नाही.

"भावजी, तिचं तोंड काळं झालंय. अर्धं. भाजलंय. पाटील सारा वेळ तिलाच बघत व्हते."

तात्यांनी हात पुढे केला. मी गाल त्यांच्या हाताखाली नेला. त्यांनी कडेची काजळी बोटाने टिपली, आणि सवयीने, डबा उघडल्यावर करायचे तशी, ती दोन बोटांत चोळली. एकदा. पुन्हा एकदा. न जळालेले दोन-तीन दाणे असतील त्यात.

"ही बारीक हाय," ते म्हणाले. "ही सुरुंगाची न्हाय. हिचं एक माप पुरतं. ही कुठली?"

"माणगावची," आई म्हणाली. "काल तुमी वाडीत व्हता तवा पाटीलच देऊन गेले. पुडी दमट व्हईल म्हणून मी डब्यात ओतली. सांगितलं व्हतं मी."

"कुणाला?"

आईने चुलीकडे बघितलं. तिने चुलीला सांगितलं होतं. नेहमीच्या वेळी, नेहमीसारखी पाठमोरी बसून, बाकावर तात्या आहेत असं धरून. मी शाळेत होते, आणि तात्या त्या वेळी खळ्यात पावलं मोजत होते.

"मी नव्हतो तिथं," तात्या म्हणाले. हळूच म्हणाले. मग बोटं धोतराला पुसली.

उरलेला दिवस आठवतो तो झोपेत पाहिल्यासारखा. आईने कोमट पाण्याने गाल धुतला, सुईच्या टोकाने निघतील ते दाणे काढले, वर खोबरेल लावलं. सात राहिले. दुपारी वालाचं बिरडं केलं होतं ते कुणाला गेलं नाही. तात्या संध्याकाळपर्यंत बाकावर होते. उन्हाचा पट्टा त्यांच्या पायांवरून सरकत भिंतीवर गेला, भिंतीवरून कौलांत. दिवेलागणीला त्यांनी मला हाक मारली.

"बोंडी कानाच्या किती जवळनं गेली?"

"माहीत नाही. वारा लागला."

"सकाळी अर्ज लिव. तुझं अक्षर चांगलं हाय."

"तात्या, परवाना जाईल."

"तो गेलाच हाय, बायो. पाटलाला दिसलं, तुझ्या आयशीला दिसलं. एकटा मीच बघत नव्हतो."

रुतलेली ती बोंडी मी पुढे पुष्कळ वर्षं काढायची म्हणत होते. खोड तिच्यावरून वाढत गेलं. मोठ्या वादळात ती पोफळ पडली तेव्हा माणसाला करवत देऊन वीतवीतभर तुकडे करायला लावले. सापडली नाही. माणूस म्हणाला, काकू, सोनं पुरलं होतं काय? मी त्याला चहा दिला. आताच्या बंदुकीची बोंडी नवी आहे, परवाना माझ्या नावावर आहे, आणि जुन्या नि नव्या दारूचे डबे झाकणावर लिहून दोन वेगळ्या फळ्यांवर असतात. डोळे मी दरवर्षी तपासून घेते.

त्या बाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहीचं मधलं पान फाडून अर्ज लिहिला. "माझी दृष्टी कमी झाल्याकारणाने" असं लिहून वाचून दाखवलं. तात्या म्हणाले, "कमी न्हाय. गेली लिव." मी खोडून "गेल्याकारणाने" लिहिलं. खाली त्यांचं बोट धरून सहीच्या जागेवर टेकवलं, आणि त्यांनी त्या बोटाच्या आधाराने लांबलचक, जुन्या वळणाची सही केली. रेघ थोडी वर गेली. पाटील आले, अर्ज दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि कोरा कागद न काढताच चहा मागितला. आई पाठमोरी बसली, पदर पुढे ओढला आणि चुलीला म्हणाली, "पाटलांना नि भावजींना चहा झालाय म्हणावं." पण बोलायच्या आधी तिने मान वळवून बाकावर कोण आहे ते बघून घेतलं.

दारू पाटलांच्या पिशवीत कागदात बांधून दिली. बंदूक त्यांनी सायकलला आडवी बांधली आणि ते ओढ्याकडे दिसेनासे झाले. पडवीत चहाचा डबा तेवढा रिकामा राहिला. मी तो धुवायला उचलला, तोच तात्यांनी हात वर केला. वाडीतले पक्षी गप्प झाले होते.

"आले," ते म्हणाले.

"किती?"

"पाच. मिरवेलीच्या पोफळीवर." ते उठले, बाकाला हात लावून पायरी उतरले, पहिल्या पोफळीपाशी पोचले. "चल की."

मी चुलीतलं लाकूड घेतलं आणि डबा बडवत वाडीत शिरले. तात्या मागून येत होते, खोडाखोडाला हात लावत. "डावीकडं, बायो," ते सांगत होते. "आणखी डावीकडं. आता जोरात."